सव्वादोनचा उतार

व्हाल्दिव्हियात चार दिवस पाऊस नसला
तर लोक आभाळाकडे संशयानं बघतात.
नव्या प्रयोगशाळेचं छप्पर म्हणूनच एका अंगाला कललेलं,
कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखं.
पडेल ते पाणी तळघरातल्या टाकीत,
टाकीतलं संडासांना, आणि उरलेलं
काचघरातल्या आलेर्सेच्या रोपांना.
हजारो वर्षं जगतं म्हणे हे झाड.
आत्ता बोटाएवढं आहे.

भिंती लाकडाच्या. एक तुळई जुनी,
नदीकाठच्या बंद पडलेल्या वखारीतून आणलेली,
अंगावर खिळ्यांची भोकं तशीच.
वास्तुकार म्हणाला, बुजवू नका.
नेलिदा कात्रिलेओ रात्री फरशी पुसता पुसता
एखाद्या भोकात करंगळी घालून बघते.
काही सापडत नाही.

उद्घाटनाला भाषणं झाली:
फ्रीजर उणे ऐंशीऐवजी उणे सत्तरवर,
त्यांच्या पाठीची ऊब जिन्यात सोडलेली
(तिथेच बसून नेलिदा डबा खाते),
काचांवर बारीक ठिपके,
पाखरांनी काचेतलं रान खरं समजू नये म्हणून.

तरी जूनमध्ये एक चुकाओ आपटलाच.
उजवीकडून ओरडला तर शुभ,
डावीकडून ओरडला तर घरी परत फिरावं,
असं नेलिदाची आई सांगायची.
हा समोरून आला होता.
समोरून आलेल्याचं काय करायचं,
ते आईनं सांगितलं नव्हतं.
तिनं त्याला हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं,
खोकं जिन्यात, उबेला.
पहाटे खोक्यात एक पीस होतं फक्त.

दर्शनी भागात पडदा आहे, इमारत किती वीज खाते ते दाखवणारा.
रोज रात्री सव्वादोनला
त्यावरची रेघ कड्यावरून पाय घसरावा तशी खाली येई.
शनिवार-रविवार सोडून.
सांतियागोहून इंजिनिअर उयोआबाई आल्या.
तीन दिवस सेन्सर तपासले, प्रोग्रॅम उलटापालटा केला,
जर्मनीला दोन फोन.
चौथ्या रात्री थर्मास घेऊन
स्वतःच जागत बसल्या.

सव्वादोनला नेलिदा आली, बादली ठेवली,
आणि धूर ओढणाऱ्या कपाटांच्या
अर्ध्या उघड्या राहिलेल्या काचा
एकेक करून खाली ओढत गेली.
अठ्ठावीस कपाटं.
छतातल्या पंख्यांची घरघर
पायरी पायरीनं उतरली,
आणि खालच्या टाकीत पडणारं पाणी
पहिल्यांदाच ऐकू आलं उयोआबाईंना.

हे तुम्हाला कोणी सांगितलं करायला?

कोणी नाही. दार सताड टाकून
चूल पेटवत नाहीत आमच्याकडे.

उयोआबाईंनी अहवालात लिहिलं, मानवी घटक.
जरा थांबून खोडलं.
नाव विचारलं, स्पेलिंगसकट.
नेलिदानं आडनाव दोनदा सांगितलं,
मग म्हणाली, जरा बाजूला व्हा,
तुम्ही उभ्या आहात तिथली फरशी
अजून ओली आहे.