बंदर नसलेला दिवस

सहाव्या दिवशी बंदर नव्हतं.
दाराखालून सरकवलेल्या कागदावर
तारखेपुढे नुसता समुद्र,
आणि खाली जेवणाच्या वेळा.

हे चारला उठून बसले, सवयीनं.
सावद्याच्या मालधक्क्यावर बत्तीस वर्षं
केळीचे डबे मोजलेला माणूस,
अंधारातच बूट घालून तयार,
मग पलंगाच्या कडेला बसून राहिले
कुठं जायचं ते न आठवल्यासारखे.
मी म्हटलं, झोपा, आज गाडी नाही.

आता मे सरत आलाय.
अकरालाच गल्लीत चिटपाखरू नसतं.
गच्चीवर जुन्या साडीवर उडदाचे पापड,
जिन्याच्या सावलीत आम्ही चौघी, लाटणी,
आणि गोदावरी बोरोले विचारते,
"अवं, मंग पाह्यलं काय तुम्ही तिकडे?"

बाकीच्या दिवसांचं सांगता येतं.
एका गावात चर्चच्या पायरीवर शेळी बसलेली,
एका गावात ह्यांची टोपी उडाली
ती एका पोलिसानं धावत आणून दिली.
सहाव्या दिवसाचं काय सांगू?

पाणी होतं.
सकाळी वांग्याच्या सालीसारखं,
भरताच्या हिरव्या नाही, त्या दुसऱ्या, काळ्या वांग्याच्या.
दुपारी त्याला रंगच उरला नाही.
आपल्या तापीला पलीकडचा काठ असतो,
उन्हाळ्यात तर काठच काठ, मध्ये ओली वाळू.
तिथं मी काठ शोधायचं कधी सोडलं
ते मलाच कळलं नाही.

खोली आवरणाऱ्या पोरानं
टॉवेलचा ससा करून ठेवला होता पलंगावर,
कागदाचे काळे डोळे लावून.
मोडवेना.
तीनदा हात धुतले, तीनदा पदराला पुसले.

वरती खुर्ची लांब करता येते
हे मला दहा वाजता कळलं.
शेजारी एक गोरी म्हातारी विणत होती,
तिनं न बोलता लोकरीचा गुंडा माझ्या हातात दिला,
मी धरला, तासभर.
तेवढंच एक काम झालं माझ्या हातून.

पोरगा ट्रे घेऊन आला, काय आणू?
मी म्हटलं, काही नको.
हे मी जन्मभर म्हणत आलेय,
सासरी, कापडाच्या दुकानात, मुलाच्या फोनवर,
आणि दरवेळी असायचंच काहीतरी, गिळलेलं.
त्या दिवशी शब्द तोंडातून गेले
आणि त्यांच्यामागे काहीच निघालं नाही.
मी जरा घाबरलेच.

हे झोपले होते, छातीवर चष्मा, तोंड उघडं,
भर उजेडात.
चाळीस वर्षांत दुपारचे झोपलेले पाहिले
ते टायफॉइडमध्ये, एकदाच.
माशी एकही नव्हती,
तरी मी पदरानं वारत राहिले.

संध्याकाळी सूर्य बुडाला तेव्हा
लोकांनी टाळ्या वाजवल्या,
जसं काही त्याला ते जमेल की नाही
अशी सगळ्यांना शंका होती.
मीही वाजवल्या.

गोदावरीला मी म्हटलं, काही नाही गं, नुसतं पाणी.
"एवढे पैसे देऊन पाणीच?"
ती पापड उलटा करते.
तिच्या नळाला चौथ्या दिवशी येतं.
मग आम्ही दोघी हसत सुटतो,
लाटी पोळपाटावरून घरंगळत जाते.

रात्री कूलरच्या टाकीत दोन बादल्या ओतते.
वाळ्याचा वास येतो, भिंत किंचित थरथरते,
तांब्यावर पालथं घातलेलं फुलपात्र
किणकिण वाजत राहतं,
तसंच, अगदी तसंच.

चारला हे जागे होतात.
लांब रुळांवरून मालगाडी जातेय,
हे डोळे मिटूनच मोजायला लागतात,
अकरा, बारा,
ओठ हलतात, एकोणीस,
मग कुठंतरी आकडा सुटतो
आणि ते पुन्हा पहिल्यापासून
मोजत नाहीत.