अकरा किलो

मार्चअखेर.
कपाट रिकामं करा, सचिव म्हणाले, नव्या साली नव्या फायली.
मी गठ्ठे बांधले सुतळीनं
आणि गिरणीमागच्या भंगारवाल्याकडे टाकून आलो.
अकरा किलो, दर चौदा.
रोजकीर्दीत लिहिलं: रद्दी विक्री, रुपये एकशे चौपन्न.
पंचवीस वर्षं झाली संस्थेत,
हिशेब माझा चुकत नाही.

मे महिन्यात पारोळ्याच्या स्टँडवर
धुळ्याची गाडी येता येईना.
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
भत्ता घेतला दहा रुपयांचा,
कांदा जास्त, तिखट बेतानं.
मुरमुरे तळाशी गेले तसं
पुडीच्या आतून माझंच अक्षर वर आलं.
'क्ष'चं शेपूट इतकं लांब
या तालुक्यात दुसरं कोणी ओढत नाही.

कोकिळा हिलाल बागुल.
स्वयंसेवक, नेत्रशिबिर.
रक्तगटावर शेवेचा चुरा.
वैवाहिक स्थिती:
तिनं सांगितलं होतं टेबलावर वाकून, हळू,
मी लिहिलं होतं ठळक,
नवऱ्यापासून वेगळी.
सध्याचा पत्ता:
तेलाचा डाग गल्लीच्या नावापर्यंत आला होता,
घर नंबर अजून कोरडा.

गाडीवाल्याला विचारलं, हे कागद कुठले?
तो म्हणाला, "कागद शे भाऊ, कागद.
तुमले भत्ता खावाना शे का वाचाना?"

उरलेली चळत मागितली.
त्यानं कांद्याच्या तराजूत तोलून दिली,
दोन किलो, भाव तीस.
हे साठ रुपये
मी कुठल्याच खात्याला लावले नाहीत.

कोकिळा वेफर्सच्या भट्टीवर भेटली.
हात केळीच्या चिकानं काळे,
कढईकडं पाठ करून ती ऐकत राहिली.
रागावेल असं वाटलं होतं.
तिनं कागद घेतला, उन्हाकडं धरला,
डागातून पलीकडचं लिंबाचं झाड दिसत होतं.

"कोणी वाचलं असंल?"
मी वाचलं, म्हणालो.
"तुम्ही तर लिहिलेलंच होतं."
मग जरा थांबून,
"एक सांगा भाऊ,
म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून
डॉक्टरच्या खुर्चीपर्यंत न्यायचं,
त्याला माझ्या नवऱ्याचं नाव कशाला लागतं?"

कढईत कोणीतरी नवा घाणा सोडला.
त्या आवाजात मला बोलायला सवड होती.
बोललो नाही.
ते रकाने मी आखले नव्हते.
पण पट्टी माझ्याच हातात होती,
आणि रिकामा रकाना मला बघवत नाही,
हेही खरं.

जूनमध्ये नवा अर्ज केला.
नाव. फोन.
चक्कर आली तर कोणाला कळवायचं.
सचिवांनी पालथा करून पाहिला,
मागं कोरं.
"बागडे, देणगीदार आले तर दाखवायचं काय?"
शिबिर दाखवा, साहेब.
ते हसले नाहीत. सही मात्र केली,
आणि किल्ली एकच ठेवली, तीही त्यांनीच मागितली.
मी दिली नाही लगेच.
अजून तेवढ्यावर आमचं बोलणं अडलंय.

कोकिळा आली होती शिबिराला.
अर्ज तिनं स्वतः भरला,
पेन दाबून, तोंडानं एकेक अक्षर उच्चारत.
तिसऱ्या ओळीत कोणाचं नाव घातलं
ते मी पाहिलं नाही.
म्हणजे पाहिलं,
पण चष्मा काढून.

अकरातले दोन सापडले.
नऊ किलो अजून फिरतंय,
एरंडोल, धरणगाव, कदाचित तापीपल्याड चोपड्याला,
कोणाच्या तरी मुठीत, गरम, मिठाचं.
कोणाचा जन्मदिनांक, कोणाची जात,
कोणाचा न सांगण्यासारखा आजार
माझ्या सुवाच्य अक्षरात.

स्टँडवर आता मी पुडी आधी उलगडतो.
मुरमुरे पायाशी सांडतात.
बाकावरची माणसं सरकून बसतात,
एक शेळी तेवढी जवळ येते.