हँडल

निगेटिव्ह हँडलला, पॉझिटिव्ह पासेला.
प्रणोतीने कोळशाने भिंतीवरच लिहून दिलं.
बारावी सायन्स.
उलटं जोडलं ना काका,
तर जे वाचवायचं तेच खाऊन टाकील.

टब कौसल्येचा, निळा,
पापडाच्या पिठाचा होता. आता नाही.
सोडा धुण्याचा, सहा चमचे, सपाट.
मीठ नको, विषारी वायू होतो.
कौसल्या बडबडत बडबडत
स्टीलचं जुनं ताट घेऊन आली
(रागातही देणारी बाई),
तर पोरगी ओरडलीच, स्टील तर मुळीच नको,
पाणी फेकायला जागा उरणार नाही.
मग गोठ्याच्या आढ्यातून काढली
वखराची पास,
झिजून विळ्याएवढी राहिलेली.
तिला कोणी काही विचारलं नाही.

चार्जर फवारणी पंपाचा.
थ्री फेज रात्री बाराला येते,
सगळ्या शिवारात मोटारी हुंकारतात
आणि माझ्या पडवीत, टबात,
हँडलच्या अंगाला बारीक बुडबुडे धरतात
जसे तापल्या दुधाच्या कडेला.
त्यातही वायू आहे म्हणे, पेट घेतो.
दार उघडं टाकून
न पेटवलेली बिडी ओठात धरून
बसून राहिलो तीन रात्री.

हँडल जीपचं. जीप हिवताप खात्याची.
बाबा ड्रायव्हर.
लिलावात निघाली तेव्हा त्यांनीच बोली लावली,
दुसरं कोणी बोललंच नाही.
आता बाभळीखाली आहे,
बॉनेटवर घोसाळ्याचा वेल,
मागच्या सीटवर कोंबडी बसते अंड्यांवर.
बाबा स्टिअरिंगवर, असा फोटो आहे आमच्याकडे.
समोर वाकून हँडल मारणारा
फोटोत अर्धाच आलाय,
पाठ आणि एक कोपर.
लहानू उईके, क्लीनर.

तिसऱ्या पहाटे पाणी चहासारखं.
हँडल बाहेर काढलं, काळा चिखल माखलेला,
नारळाच्या शेंडीने घासला
आणि खालून करडं, ओलं, उघडं लोखंड.
देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते.
गंज जातो, खाल्लेलं परत येत नाही,
हेही प्रणोतीने आधीच सांगितलं होतं.
पण मुठीच्या जागी खड्डा नव्हता.
तिथे नुसता उतार होता,
गुळगुळीत, चार बोटं रुंद.
इतकी वर्षं मला वाटायचं
तिथेही गंजानेच खाल्लं.
गंजाने नाही. हाताने.

तसंच फडक्यात गुंडाळून
आर्णीच्या स्टँडवर गेलो.
लहानूकाका ज्यूसच्या गाडीमागे बसतात,
बर्फ फोडून देतात लेकाला.
मी म्हटलं, पाहा, तुमची मूठ.
त्यांनी डोळ्याशी नेलं, वास घेतला,
मग उभे राहिले आणि हवेतच
एक झटका मारला वरच्या दिशेने,
अंगठा बोटांच्याच बाजूला, बाहेर नाही,
नाहीतर उलटा फटका मनगट मोडतो.
हात उतारावर बसला नाही.
दोन बोटं वर बसला.

हे आपलं नोहे, म्हणाले.
आपलं तं पारडीच्या नाल्यात गेलं,
तुह्या बापानं दुसरं आणलं भंगारातून.
हे कोण्या दुसऱ्याच्या हातचं हाय.

कोणाच्या, ते त्यांनाही माहीत नाही.
मी बघत राहिलो त्या चार बोटांकडे.
आणि घरी टबात पडलेली ती पास आठवली,
चाळणी झालेली, प्रकाश आरपार जाणारी.
तिच्यावरही कोणाचे पाय असतील,
वखरावर उभं राहून भार देणारे.

काहून उभा हायेस, लहानूकाका खेकसले,
कोरडं काय आणलं बे हे?
पाह्य, दांड्यावर चढून राह्यलं पुन्हा.
पाहिलं तर खरंच,
कोवळा, हळदीसारखा थर
निघाल्यापासूनच्या दोन तासांत.
गाडीच्या खोक्यातून त्यांनी
गोडेतेलाची बाटली काढली,
तळहातावर ओतलं,
आणि जे त्यांचं नव्हतं ते
टोकापासून टोकापर्यंत
चोळत बसले. बर्फ वितळत होता.
लेक हाका मारत होता.