दोन बोटं फट

पाथर्डी फाट्याजवळ, तिसऱ्या मजल्यावर,
जिथं आधी शिलाई मशीन होतं त्या खोलीत
चार बाय चारचा काळा तंबू उभा आहे.
आत चंदेरी अस्तर, वर दिवा,
छत्तीस कुंड्या बेझिलच्या.
गंगापूर रोडच्या दोन हॉटेलांना
मंगळवारी आणि शुक्रवारी पानं जातात,
ओल्या फडक्यात, स्टीलच्या डब्यात,
शेतावर भाकरी पाठवावी तशी.

पंखा सहा इंची. तो हवा बाहेर ओढतो.
खालची झडप नीट उघडी असली
की तंबूचे गाल जरासे आत जातात,
सिन्नरची विडी ओढणाऱ्या माणसासारखे.
तेवढेच जायला हवेत.
फार खोल गेले, तर आत यायला वाट नाही.
सैल पडले, तर बाहेर जायला.

डिसेंबरात पहाट सात अंशांवर येते.
निफाडची थंडी पेपरात छापून येते,
आमची नुसती फरशीतून चढते.
बेझिलला ती सोसत नाही, पान काळं पडतं,
कुणी चिमटा काढून ठेवल्यासारखं.
म्हणून मी नळी खिडकीतून काढली
आणि तंबूच्याच पोटात परत वळवली:
तीच ऊब, तीच हवा, गोल गोल.
दाराखाली गोधडी. काचेच्या फटीत कागद.
काटा बावीसवर थांबला.
तंबूचे गालही हलायचे थांबले.
मला ते शांत वाटलं.

सासरे, दामूअण्णा कोठावदे,
तीस वर्षं नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात.
मशीनवर नाही. कागदाच्या गोदामात,
हवेच्या कामावर.
"कागद दमट झाला की पसरतो," एवढंच सांगायचे,
बाकीचं सही करून आतच ठेवून आले.
रात्री दोनला ते उठायचे
आणि परतताना माझ्या खोलीची खिडकी
दोन बोटं उघडून जायचे.
सकाळी मी बंद करायची.
रात्री ते उघडायचे.
बारा दिवस आमचं एवढंच बोलणं.
मग मी टेप लावली, तपकिरी, आडवी.
ते आले. नखानं एकदा खरवडलं. गेले.

शुक्रवारी पानं वरून पिवळी.
उलटून पाहिलं तर खाली राखाडी लव.
द्राक्षांच्या मुलखात हिचं नाव
कुणाला शिकवावं लागत नाही.
डावणी.
अस्तरावर थेंब, नळीत थेंब, आर्द्रता ब्याण्णव.
मी रोज तापमान वाचत होते,
शेजारचा आकडा त्याच काचेत होता.

एकोणीस कुंड्या पिशवीत बांधल्या.
हॉटेलला फोन केला: या आठवड्यात नाही.

मग अण्णा आले, माकडटोपी घालून,
हातात देवघरातली उदबत्ती.
म्हटलं, आता पूजा कसली?
त्यांनी पंखा सुरू केला, उदबत्ती आत धरली.
धूर वर गेला, वळला, खाली आला,
आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात
लटकून राहिला, खुंटीवरच्या शर्टासारखा.
"इथं हवा बसलीये," ते म्हणाले.
"बसलेली हवा उठवायची. सगळी हाकलायची नाही."
लग्नाला नऊ वर्षं झाली,
इतकं सलग ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

प्लंबरकडून एक वाय जोड आणला:
एक तोंड तंबूत, एक खिडकीत.
मधला पडदा अण्णांनी कापला
बिस्किटांच्या डब्याच्या झाकणातून,
त्यावर अजून अर्धी गाय आहे.
दिवसा गाय उभी, हवा बाहेर.
रात्री आडवी करतो: तीन वाटे परत आत,
एक वाटा नवा, गार, इंदिरानगरच्या कुत्र्यांच्या आवाजासकट.
कोपऱ्यात मान हलवणारा छोटा पंखा.
त्याच्यासमोर पानं थरथरतात,
फार नाही, हाक ऐकल्याइतकी.

काल रात्री झोपण्याआधी
मीच टेप सोलली,
बोटं लावून मोजली, फट ठेवली.
दोनला पावलं वाजली.
थांबली. गेली.
सकाळी पाहिलं, फट थोडी रुंद होती.
त्यांची बोटं जाड आहेत.