सात दहाची शर्यत

साउथवेलच्या मैदानाला ऋतू नाही.
वाळू, मेण आणि कापडाच्या चिंध्या
मळून केलेली ती कणीक
गारठत नाही, चिखलत नाही;
जानेवारीच्या अंधारात, दिव्यांखाली,
बारमाही विहिरीसारखी घोडे देत राहते.

मी तिथे कधी गेलेलो नाही. बारा मैल फक्त.
इथे मॅन्सफील्डला, एव्हरिलच्या शिवणयंत्राशेजारी
माझं टेबल, दोन पडदे, निवत चाललेला चहा.
घोड्यांतलं मला काही कळत नाही.
वडिलांना कळायचं; घर त्यातच गेलं.
मी भाव लावतो, भाव खातो.
सहाला लावलेला साडेपाचला खाल्ला
की मधली चिमूट माझी,
जिंको कुणीही.

आज आठ घोडे. सगळ्यात खालचा वर्ग.
‘कॉपर थिंबल’ हे नाव ऐकून
एव्हरिलने बोटातलं अंगुस्तान दाखवलं, हसली,
दोन पौंडांचं नाणं सरकवलं माझ्याकडे:
“याच्यावर लाव. घोडामैदान जवळच आहे.”
त्यालाच मी खाल्ला होता, चार वीसला.
बोललो नाही.

वळणावर भाव सुटला.
पाच. नऊ. वीस.
वीसवर बोटाने आपलं काम उरकलं,
माझ्याआधी.
मग हजार.
हजार म्हणजे संपलं.

पण चित्र माझ्याकडे चार सेकंद उशिरा येतं.
चित्रात तो अजून तिसरा होता,
मान लांबवलेली,
पाठीवर निळ्या टोपीतली पोरगी,
चारही पाय जागच्या जागी.
“बघ, येतोय माझा,” एव्हरिल म्हणाली.
चार सेकंद तो धडधाकट धावला
आणि मला माहीत होतं.

मग खांदा खचला. कॅमेऱ्याने
सभ्य माणसासारखं तोंड फिरवलं,
पुढच्या दोघांमागे गेला.
माझ्या पडद्यावर आठही नावांपुढे हिरवं,
एकोणीस पौंड, सगळीकडे सारखं.
चित्राच्या अगदी कडेला
दोन माणसं हिरवी कनात धरून पळत होती.

“कितवा आला?”
ती सुई ओवत होती, डोळा मिटून.
“मागे पडला,” मी म्हणालो.

पुढची सात चाळीसला.
नाणं मी लावलंच नव्हतं.
कपाच्या ओल्या वर्तुळात ते अजून पडून आहे,
राणीचं तोंड खाली.