अर्धाच

चारची वेळ दिली होती.
म्हणजे पाच, हे धरूनच मी तीनला
पडदे बदलले, मग काढले, जुनेच लावले.
नाताळ. निफाडला पारा सहावर म्हणे.
आमच्या जेल रोडला ऊन आहे, पण नावापुरतं;
गॅलरीतल्या कुंडीपर्यंत येतं, आत यायला लाजतं.

नानकटाईचा ट्रे सकाळीच आणला भट्टीवरून,
बुडाला खडूनं माझं नाव: उजागरे.
वरच्या ओळीत तीन कमी.
भट्टीवाला म्हणाला, उंदीर, ताई.
उंदराला मिशी होती का रे, मी विचारलं,
तर मिशीवरचा चुरा पुसत तोही हसला.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
रंग पुसट, कड तिरकी, आकडा सरकलेला: बाजूला.
बाजूला काढलेलंही मोजून द्यायचं.
एक कमी भरली
तर कुणी घरी जायचं नाही.
म्हणून कप मांडतानाही बोटं आपली आपण चालतात.
अकरा.
बाराव्याचा कान तुटलाय, त्यातून मी घेईन.

सव्वापाचला आले, एकदम, जिन्यात ठरवल्यासारखे.
गुंजाळ सरांची द्राक्षं: "आंबट आहेत अजून," त्यांनीच सांगून टाकलं.
वृंदाताईंचा चिवडा, डबा आजच परत, या बोलीवर.

"चहा? छे, आत्ताच झाला."
"बरं, अर्धाच."
"मला बिनसाखरेचा. अर्धा."
"गवती चहा घातलाय? मग द्या. पण अर्धा हं."
"मी ह्यांच्यातलाच घेते," दीपाली म्हणाली,
नवऱ्याच्या अर्ध्यातला अर्धा, बशीत.

दहा माणसं, नऊ अर्धे, साडेचार कप.
प्रेसमध्ये अर्धी नोट म्हणजे चौकशी.
इथे अर्धा म्हणजे
अजून दोनदा आधण ठेवायचं.

सहा वाजता मंदा वाघचौरे आली.
निरोप पाठवला होता. येईलसं वाटलं नव्हतं.
अठ्ठ्याण्णव साली एक ताव कमी भरला
तेव्हा सुपरवायझरला पहिलं नाव तिनं माझं सांगितलेलं.
ताव रात्री नऊला सापडला, मशीनखाली.
त्यानंतर एका टेबलावर सोळा वर्षं
आम्ही फक्त आकडे बोललो.

चप्पल काढायला तिनं फार वेळ लावला.
गुडघे, म्हणाली.
मी सवयीनं किटली अर्ध्यावर थांबवली.

"पूर्ण भर," मंदा म्हणाली.

मी काठोकाठ भरला.
बशीत सांडला थोडा.
ती कप घेऊन गॅलरीत गेली,
थंडीत एकटीच उभी राहून प्यायली, पाठमोरी.
आत गुंजाळ सर कांद्याच्या भावावर आले होते.

रात्री कप विसळले. मोजले, सवयच.
दहा.
पुन्हा मोजले. दहा.

एक कमी, आणि सगळे घरी गेलेले.

असेल कुंडीमागे.
दिवा घालवला.
सकाळी ऊन येतंच तिथवर.