डब्यातला फोन

कोल्हापूरच्या बाजारात रताळी उतरवून
रिकामा टेम्पो घेऊन परत येताना
कोगनोळी नाक्यावर फोन टुणकन वाजतो.
कुठलं तरी राज्य स्वागत करतंय.
करू दे.
तो सीटखाली आहे, स्टीलच्या डब्यात,
लसणाच्या चटणीच्या कप्प्यात.

आधी तो मांडीवर असायचा.
हत्तरगीच्या अलीकडं, पहाटे,
मेहुण्यानं धाडलेला बारशाचा फोटो
बोटांनी मोठा करून बघत होतो.
नाक कुणासारखं, एवढंच.
मान वर केली तर काचभर मेंढरं.

ब्रेकचा जळका वास. एक घुंगूर वाजत राहिलेलं.
म्हातारा धनगर बॉनेटवर काठी टेकवून
शिवी न देता म्हणाला,
'मुंद नोडप्पा.'
पुढं बघ, बाबा.
आणि मेंढरं मोजायला लागला
कानडीत, सावकाश.
मी स्टेअरिंग धरून
त्याच्या मागोमाग मराठीत मोजत होतो.
आकडा जुळला तरी
हात कापायचे थांबले नाहीत.

आता वंटमुरीच्या घाटात
डबा थरथरतो, झाकण कुरकुरतं.
रेणुका असेल.
भाकरी टाकू का, विचारत असेल.
वाज, म्हणतो. वळण संपू दे.

काकतीजवळ चिंचेखाली गाडी लावतो,
हँडब्रेक ओढतो, डबा उघडतो.
'कवाधरनं वाजूलालाय, कुठं हाईस?'
'थांबलोय,' म्हणतो,
आणि कानाला चटणी लागते.